होडीची पाटी

अमेरिकेत मोटारीला नंबरप्लेट लागते, विमा लागतो, आणि टोलनाक्यावर काचेला चिकटवलेली डबी तुमच्या नकळत पैसे कापून घेते. मोठ्या विमानतळाच्या आसपास चार आसनांचं खासगी विमान उडवायचं असलं तरी त्यात ट्रान्सपॉन्डर असावा लागतो. पण चाळीस फुटी, दोन इंजिनांची स्वतःची बोट घेऊन एखादा डॉक्टर किंवा दुकानदार रविवारी समुद्रात निघाला, तर आपण कुठे आहोत हे कुणाला कळवत राहण्याचं बंधन त्याच्यावर नाही. बोटीची राज्याकडे नोंदणी हवी, पुढच्या बाजूला नंबर रंगवलेला हवा, लाइफ जॅकेटं हवीत, रात्री दिवे हवेत. एवढं झालं की समुद्र मोकळा.

आता याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवा. आपल्या किनाऱ्यावरचा एखादा तांडेल वीस मीटरचा ट्रॉलर घेऊन मासेमारीला जातो. त्याच्या बोटीवर मात्र स्वतःचा ठावठिकाणा हवेत सांगत राहणारं यंत्र असलं पाहिजे, असं भारत सरकारने मुंबईवरच्या २००८ सालच्या हल्ल्यानंतर ठरवलं. म्हणजे हौसेखातर फिरणाऱ्याला विचारायचं नाही आणि पोटासाठी जाणाऱ्याला विचारायचं, असा हा प्रकार दिसतो. हे असं का झालं याची गोष्ट मला रंजक वाटते. तीत एक तेलगळती आहे, एक बुडालेली शिडाची होडी आहे, मुंबईचा हल्ला आहे, आणि शेवटी देवमासेसुद्धा आहेत. मी पडलो टेलिकॉमवाला, त्यामुळे मधे थोडं रेडिओबद्दलही सांगीन, पण फार नाही.

सुरुवात अलास्कापासून करू. २४ मार्च १९८९ च्या पहाटे, मध्यरात्र उलटून काही मिनिटं झाली असताना, एक्झॉन व्हाल्डीझ नावाचं तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंड या खाडीत ब्लाय रीफ नावाच्या खडकांवर चढलं. सुमारे एक कोटी दहा लाख गॅलन कच्चं तेल समुद्रात गेलं. पक्षी, ऑटर आणि सील किती मेले याची छायाचित्रं तेव्हा जगभर छापून आली होती. चौकशीत कप्तानाच्या दारूची चर्चा सर्वात जास्त झाली, पण आणखी एक गोष्ट पुढे आली. बंदराजवळच्या वाहतुकीवर रडारने लक्ष ठेवणारं कोस्ट गार्डचं केंद्र तिथे होतं, तरी जहाज नेहमीची वाट सोडून खडकाकडे चाललं आहे हे त्या केंद्राच्या वेळीच लक्षात आलं नाही.

दुसऱ्या वर्षी, १९९० मधे, अमेरिकन काँग्रेसने तेलप्रदूषणाचा कायदा केला. त्यानंतर त्या खाडीतल्या टँकरांवर एक नवी व्यवस्था आली. किनाऱ्यावरच्या रडारने जहाज शोधत बसण्यापेक्षा जहाजानेच आपली जागा रेडिओवरून सांगावी. जीपीएस नुकतंच वापरात येत होतं, त्यामुळे जहाजाला आपली जागा नेमकी माहीत असणार होती. ती फक्त दुसऱ्याला कळवायची होती.

यात अडचण अशी की जहाजं दहा असली तर किनाऱ्यावरचं केंद्र एकेकाला "तू कुठे?" असं विचारू शकतं. पण शंभर जहाजं असली आणि जवळपास कुठलंच केंद्र नसलं तर कोणी कधी बोलायचं? सगळे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येणार नाही. याचं उत्तर स्वीडनमधून आलं. होकान लान्स नावाच्या स्वीडिश संशोधकाचं नाव या पद्धतीशी जोडलं जातं. त्याला १९९६ मधे अमेरिकेत पेटंट मिळालं, त्यावरून बरेच वाद झाले, आणि २०१० मधे अमेरिकन पेटंट कार्यालयाने फेरतपासणीनंतर त्यातले सगळे दावे रद्दही केले. पण पद्धत टिकली.

ती समजायला एस.टी.चा अनुभव पुरेसा आहे. गाडी फलाटाला लागली की खिडकीतून आत रुमाल टाकून आपण जागा धरतो. या पद्धतीत जहाजं तेच करतात. एका मिनिटाचे २२५० तुकडे केलेले असतात, प्रत्येक तुकडा सुमारे २७ मिलिसेकंदांचा. असे दोन रेडिओ चॅनेल आहेत, म्हणजे मिनिटाला ४५०० जागा. जहाज एका जागेत आपला संदेश पाठवतं आणि त्यातच सांगून टाकतं की पुढच्या वेळी मी अमुक जागेत बोलणार आहे. हा झाला रुमाल. बाकीची जहाजं ते ऐकतात आणि ती जागा सोडून दुसरी धरतात. कंडक्टर लागत नाही, किनाऱ्यावर कुणी बसलेलं लागत नाही. भर समुद्रात दोनच जहाजं एकमेकांसमोर आली तरी व्यवस्था चालते. संदेशात जहाजाचा नऊ आकडी ओळख क्रमांक, जागा, वेग आणि दिशा असते. नाव, लांबी-रुंदी, कुठे चाललं आहे वगैरे माहिती काही मिनिटांनी एकदा जाते. यालाच ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम, थोडक्यात एआयएस, म्हणतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिचे निकष १९९८ मधे ठरवले.

मग सक्तीचा नियम आला. समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, सोलास म्हणतात तो, त्याचं पाचवं प्रकरण २००० च्या डिसेंबरमधे नव्याने लिहिलं गेलं आणि १ जुलै २००२ पासून लागू झालं. आंतरराष्ट्रीय सफरीवरची ३०० टनांवरची सगळी जहाजं, देशातल्या देशात फिरणारी ५०० टनांवरची मालवाहू जहाजं, आणि आकार कितीही असो, सोलासखाली येणारी सगळी प्रवासी जहाजं यांना एआयएस बंधनकारक झालं. हे टप्प्याटप्प्याने २००८ पर्यंत करायचं होतं. पण मधे ११ सप्टेंबर २००१ उजाडला. २००२ च्या डिसेंबरमधे लंडनला झालेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या जहाजांसाठी मुदत अलीकडे ओढून २००४ ची अखेर करण्यात आली.

इथे गोष्टीचं वळण आहे. टक्कर टाळण्यासाठी बनलेलं यंत्र आता सुरक्षेचं, म्हणजे पहाऱ्याचं यंत्र म्हणून पाहिलं जाऊ लागलं. आणि गंमत म्हणजे, तोवर समुद्रावर जे मोठे दहशतवादी हल्ले झाले होते त्यांत मोठी जहाजं हल्लेखोर नव्हती, ती बळी होती. १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात यूएसएस कोल या अमेरिकन युद्धनौकेला स्फोटकांनी भरलेली एक लहान होडी येऊन भिडली आणि १७ नौसैनिक गेले. ६ ऑक्टोबर २००२ ला येमेनच्याच किनाऱ्याजवळ लिंबर्ग या फ्रेंच टँकरवर तसाच हल्ला झाला. धोका लहान होडीचा, आणि पाटी लावायची मोठ्या जहाजाने!

अमेरिकेने २००२ च्या नोव्हेंबरमधे आपला वेगळा सागरी सुरक्षा कायदा केला. त्यात ६५ फूट आणि त्याहून लांब व्यापारी जहाजं, २६ फुटांवरची आणि ६०० अश्वशक्तीवरची टोइंग जहाजं अशी यादी होती. सरकारला गरज वाटली तर आणखी कुठल्याही जहाजाला यादीत आणता येईल असं एक कलमही होतं. हौशी बोटवाल्यांची नजर पुढची काही वर्षं त्या कलमावर खिळून राहिली.

पण त्याच वर्षांत हौशी नाविकांपैकी काहींना हे यंत्र स्वतःलाच हवंसं वाटू लागलं होतं. त्यामागचं एक कारण इंग्लंडमधे घडलं. २००६ च्या ऑगस्टमधे, २० तारखेच्या रात्री, औझो नावाची जेमतेम २५ फुटांची शिडाची होडी आइल ऑफ वाइटच्या दक्षिणेला होती. तिच्यात तीन मित्र होते. त्या रात्री पोर्ट्समथहून बिल्बाओला निघालेली प्राइड ऑफ बिल्बाओ ही प्रचंड फेरीबोट तिथून गेली. पुढच्या दिवसांत तिघांचे मृतदेह समुद्रात सापडले. लाइफ जॅकेटं अंगावर होती, आणि ते पाण्यात काही तास जिवंत होते असा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी मंडळाने २००७ मधे अहवाल दिला. त्यात म्हटलं की फेरीची धडक बसून किंवा ती अगदी जवळून गेल्यामुळे उठलेल्या लाटेत होडी बुडाली असावी. होडीवरचा रडार परावर्तक पुरेसा नव्हता, त्यामुळे रडारवर ती दिसली नाही. फेरीवरच्या अधिकाऱ्याला होडी दिसली ती अगदी शेवटच्या क्षणी, आणि नंतर ती सुखरूप आहे ना याची त्याने खात्री करून घेतली नाही.

हा अहवाल वाचून कुठल्याही लहान होडीवाल्याच्या पोटात गोळा येईल. फायबरची होडी रडारच्या लहरी फारशा परतवत नाही. उंच लाटांमधे तिचा ठिपका पाण्याच्या ठिपक्यांत हरवतो. चाळीस हजार टनांच्या जहाजाच्या पुलावर उभा असलेला माणूस रात्री खाली बघतो तेव्हा शिडाच्या टोकावरचा एक मिणमिणता दिवा त्याला दिसेलच असं नाही. अशा वेळी त्याच्या पडद्यावर आपलं नाव, दिशा आणि वेग आपोआप उमटला तर? हौशी नाविकाच्या दृष्टीने एआयएसचा अर्थ एवढाच होता. मला पाहा, माझ्यावर येऊ नका.

अडचण किमतीची आणि विजेची होती. मोठ्या जहाजांचं यंत्र, ज्याला क्लास ए म्हणतात, साडेबारा वॉटने बोलतं आणि महाग पडतं. लहान होड्यांसाठी क्लास बी नावाचा हलका प्रकार काढला गेला, त्याचं आंतरराष्ट्रीय मानक २००६ मधे प्रसिद्ध झालं. औझो बुडाली तेव्हा ही यंत्रं बाजारात जेमतेम येऊ घातली होती. क्लास बी दोन वॉटने बोलतं. चालू होडीचा संदेश दर तीस सेकंदांनी जातो, तर मोठं जहाज वेगानुसार दर दोन ते दहा सेकंदांनी बोलतं. आणि एस.टी.चीच भाषा पुढे चालवायची तर क्लास बीला रुमाल टाकायची परवानगी नाही. त्याने आधी कान देऊन ऐकायचं. जागा रिकामी दिसली तर पटकन बसायचं, नाहीतर उभं राहून पुढच्या जागेची वाट पाहायची. मोठ्या जहाजांचा हक्क पहिला. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या यंत्राला २००८ मधे मान्यता दिली. (पुढे २०१३ मधे क्लास बीचाच रुमालवाला, पाच वॉटचा प्रकारही मानकात आला.)

म्हणजे २००८ मधे परिस्थिती अशी होती. लहान होडीला परवडेल असं यंत्र आलेलं होतं. कायद्यात ते सक्तीचं करण्याची वाट उघडी होती. आणि सरकारच्या मनात लहान होडीची भीती होती. होमलँड सिक्युरिटी खात्याने २००७ मधे लहान बोटींच्या प्रश्नावर एक राष्ट्रीय बैठक भरवली आणि एप्रिल २००८ मधे धोरण प्रसिद्ध केलं. त्यात लहान बोटीपासूनचे चार मुख्य धोके मांडलेले होते. त्यांपैकी एक होता अतिरेक्यांना गुपचूप किनाऱ्यावर उतरवणं.

त्यानंतर सात महिन्यांनी, २६ नोव्हेंबर २००८ ला, कराचीहून निघालेल्या दहा जणांनी वाटेत कुबेर हा पोरबंदरचा ट्रॉलर ताब्यात घेतला, त्यावरच्या खलाशांना मारलं, आणि मुंबईजवळ आल्यावर रबरी होडीतून ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले. पुढचं सांगायला नको. अमेरिकन धोरणात कागदावर लिहिलेली गोष्ट आपल्या शहरात जशीच्या तशी घडली.

१६ डिसेंबर २००८ ला, म्हणजे वीस दिवसांनी, अमेरिकेच्या कोस्ट गार्डने एआयएसची सक्ती वाढवण्याचा मसुदा जाहीर केला. त्याची तयारी बरीच आधीपासून चालू होती, मुंबईमुळे तो आला असं नाही. पण वेळ अशी जुळली की हौशी बोटींनाही आता यात ओढणार अशी भीती इथल्या बोटवाल्यांत पसरली. त्यांच्या संघटना बोलक्या आहेत आणि वॉशिंग्टनमधे त्यांचं वजन आहे. देशात नोंदलेल्या हौशी बोटी सव्वा कोटीच्या आसपास. इतक्या मतदारांना उगाच कोण दुखावणार?

त्यांचे मुद्दे मात्र सगळेच स्वार्थी नव्हते. खर्च, खासगीपणा, मासे मिळण्याची गुप्त जागा उघडी पडणं, हे झालेच. पण एक मुद्दा अभियंत्यालाही पटण्यासारखा होता. थोडं गणित करून बघा. मिनिटाला ४५०० जागा. क्लास बी होडीला मिनिटाला दोन लागतात. म्हणजे एकही मोठं जहाज नसलं तरी एकमेकांच्या टप्प्यातल्या सव्वादोन हजार होड्यांना जागा पुरून उरत नाहीत. आमच्या चेसापीक उपसागरात किंवा फ्लोरिडात जुलैच्या सुट्टीच्या दिवशी पाण्यावर किती बोटी असतात हे पाहिलं तर ही व्यवस्था गुदमरेल हे लक्षात येतं. शिवाय मोठ्या जहाजाच्या पडद्यावर हजारभर त्रिकोण उमटले तर तिथला अधिकारी वैतागून लहान होड्या पडद्यावरून काढूनच टाकेल. तशी सोय यंत्रात असते. मग ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच हेतू बुडाला.

आणि सर्वात मोठा मुद्दा साधा होता. एआयएस ही स्वतःहून लावलेली पाटी आहे. यंत्र जे सांगेल ते खरं धरायचं. वाईट हेतूने निघालेला माणूस ते बंद ठेवील, किंवा खोटं नाव घालील. कुबेरवर एआयएस असतं तरी काय दिसलं असतं? पोरबंदरचा एक मासेमारी ट्रॉलर मुंबईकडे चालला आहे, एवढंच. याला सुरक्षा खात्यांचं उत्तर असं असतं की बाकी सगळ्यांनी पाटी लावली तर बिनपाटीचा उठून दिसतो. तेही खरं आहे, पण त्यासाठी किनाऱ्यावर रडार हवं, त्या दोन्हींचा मेळ घालणारी माणसं हवीत, आणि संशय आल्यावर निघायला बोटी हव्यात. नुसत्या पाट्यांनी ते होत नाही.

शेवटी ३० जानेवारी २०१५ ला अमेरिकेचा अंतिम नियम आला, आणि १ मार्च २०१६ पर्यंत तो पाळायचा होता. ६५ फुटांवरची व्यापारी जहाजं, टोइंग जहाजं, दीडशेहून जास्त प्रवासी नेण्याचा परवाना असलेली जहाजं, धोकादायक माल नेणारी जहाजं, व्यापारी मार्गाजवळ गाळ काढणारी जहाजं. मासेमारीच्या ६५ फुटांवरच्या बोटीसुद्धा त्यात आल्या. हौशी बोटी आल्या नाहीत. त्यांना कोस्ट गार्ड एआयएस बसवण्याचा सल्ला देतं, सक्ती करत नाही. युरोपीय संघानेही हीच रेघ ओढली. तिथे २०१२ ते २०१४ च्या दरम्यान १५ मीटरवरच्या मासेमारी बोटींना टप्प्याटप्प्याने एआयएस लागू झालं, शिडाच्या हौशी होड्यांना नाही. सिंगापूरसारख्या अरुंद आणि गजबजलेल्या बंदराने मात्र यंत्रावर चालणाऱ्या हौशी बोटींनाही ट्रान्सपॉन्डर लावायला लावला. तिथे पाणी थोडं, बोटी मोजक्या आणि सरकार खमकं.

भारतात वीस मीटरवरच्या बोटींना एआयएस लागू झालं, आणि आपल्या दीपगृहांवर त्याचे संदेश ऐकणारी केंद्रं बसवली गेली. दिव्यांची जागा आता संदेश ऐकण्याची जागाही झाली, ही मला आवडलेली गोष्ट. पण आपले बहुसंख्य मच्छीमार वीस मीटरहून लहान बोटींवर जातात. त्यांच्यासाठी इस्रोने उपग्रहावरून चालणारा वेगळा ट्रान्सपॉन्डर तयार केला. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या देशभरच्या योजनेची सुरुवात झाली. १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख यंत्रं टप्प्याटप्प्याने बसवायची, खर्च सुमारे ३६० कोटी रुपये. यात दोन्ही बाजूंनी संदेश जातो. मच्छीमाराला वादळाची सूचना येते, मासे कुठे मिळतील याची माहिती येते, सागरी सीमा जवळ आली तर इशारा मिळतो, आणि संकटात तो मदत मागू शकतो. गुजरातचे आणि आपल्या पालघरचे मच्छीमार नकळत सीमा ओलांडून पाकिस्तानच्या तुरुंगात गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. त्यांच्या घरच्यांना विचारलं तर अशा डबीची किंमत ते सांगतील.

फरक बघा. पहिला नियम "तू कोण आहेस ते आम्हाला सांग" असा होता. दुसरी योजना "तुला काय हवं ते आम्हीही सांगू" अशी आहे. यंत्र दोन्हीकडे डबीएवढंच, पण दुसरी डबी तांडेल स्वतःहून चालू ठेवील.

अमेरिकेतल्या हौशी नाविकाने स्वतःहून यंत्र बसवलं तर मात्र त्याला नियम लागतात. नऊ आकडी क्रमांक रीतसर घ्यावा लागतो. देशातल्या पाण्यापुरता तो सहज मिळतो, परदेशी जायचं असेल तर दूरसंचार आयोगाचा परवाना लागतो. क्लास बी यंत्रात तो क्रमांक आणि नाव मालकाने स्वतः भरायचं नाही, विक्रेत्याने किंवा जाणकाराने भरून द्यायचं. कारण उघड आहे, पाटी खोटी असली तर ती नसण्यापेक्षा वाईट. आणि समुद्रावरच्या वाहतुकीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत ते सगळ्यांना सारखे लागू. त्यांत एआयएसचं नावही नाही. पण टक्कर होईल की नाही हे ठरवायला हाताशी असलेली सगळी साधनं वापरा, असं त्यातला सातवा नियम सांगतो. एआयएस हाताशी असून त्याकडे न बघणं हा दोषच. आणि पाचवा नियम सांगतो की डोळ्यांनी आणि कानांनी सतत नजर ठेवा. पडद्याकडे बघत बसलेल्या नाविकाला हा नियम माफ करत नाही.

इतकं झाल्यावर वाद मिटला असं वाटलं होतं, पण तो देवमाशांनी पुन्हा उकरून काढला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राइट व्हेल नावाचे देवमासे आहेत, चारशेहूनही कमी उरलेले. जहाजांच्या धडकेने ते मरतात म्हणून २००८ पासून ठरावीक ऋतूत ठरावीक भागांत ६५ फुटांवरच्या जहाजांना दहा नॉटची वेगमर्यादा आहे. ती कोण मोडतं हे एआयएसच्या नोंदींवरून कळतं. पण फेब्रुवारी २०२१ मधे फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनजवळ एका ५४ फुटी हौशी मासेमारी बोटीने एका पिल्लाला धडक दिली. पिल्लू मेलं, आणि बोटीतही इतकं पाणी शिरलं की ती किनाऱ्यावर चढवावी लागली. २०२२ मधे मर्यादा ३५ फुटांपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव आला. बोटवाले पुन्हा एकवटले, आणि जानेवारी २०२५ मधे प्रस्ताव मागे घेतला गेला. तो मंजूर झाला असता तरी पंचेचाळीस फुटी बोट किती वेगाने गेली हे सरकारला कळणार कसं, कारण तिच्यावर पाटीच नाही!

खासगीपणाचा मुद्दाही काळाने अवघड केला आहे. एआयएसचे संदेश उघडे असतात, साध्या रिसीव्हरने कुणीही ऐकावेत. २००४ मधेच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या सुरक्षा समितीने हे संदेश इंटरनेटवर टाकण्याचा निषेध केला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. तीन वर्षांनी ग्रीसमधल्या एका विद्यापीठातून मरीन ट्रॅफिक ही साइट सुरू झाली आणि जगभरचे हौशी लोक तिला आपल्या गच्चीवरच्या अँटेनांची माहिती पुरवू लागले. किनाऱ्यापासून लांबची जहाजं उपग्रहांनी टिपायला घेतली. त्यातला नॉर्वेचा एआयएससॅट-१ हा इवलासा उपग्रह १२ जुलै २०१० ला श्रीहरिकोट्याहून आपल्याच पीएसएलव्हीने वर नेला. २६ मार्च २०२४ च्या रात्री डाली हे जहाज आमच्या बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं आणि सहा कामगारांचा जीव गेला, तेव्हा सकाळ व्हायच्या आत त्या जहाजाची वाकडी गेलेली वाट जगभरच्या लोकांनी नकाशावर पाहिली होती. जहाजावरचे बहुतेक सगळे खलाशी भारतीय होते, त्यामुळे भारतातूनही लोक तोच नकाशा बघत होते.

माझं मत विचाराल तर हौशी बोटींवर सरसकट सक्ती नको, हा अमेरिकेचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. पण तो ज्या कारणाने झाला ते कारण फार उदात्त नव्हतं. ज्यांचा आवाज मोठा होता ते सुटले. आपल्या मच्छीमाराचा आवाज तेवढा मोठा नव्हता, आणि हल्ला त्याच्या घरासमोर उतरला होता. गळती टाळायला निघालेलं यंत्र पहारा करायला जुंपलं गेलं. त्याने सर्वात जास्त उपयोग मात्र तिथेच केला, जिथे नाविकाला ते स्वतःच्या जिवासाठी हवं होतं. नियम करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

असो. वेळ मिळाला तर अशी एखादी साइट उघडून मुंबई बंदरासमोरचा समुद्र बघा. टँकर, कंटेनर जहाजं, टग, सगळे रंगीत त्रिकोण होऊन नांगर टाकून बसलेले दिसतील. त्यांच्या मधे निळा रिकामा भाग दिसेल. तो रिकामा नसतो. तिथे जाळी टाकलेल्या लहान होड्या असतात, आणि रात्री त्यांच्याजवळून जाणाऱ्या जहाजाला त्या दिसाव्यात यासाठी अजून बरंच करायचं बाकी आहे.